अडकलेली स्टेपनी

मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं पाणी घाटरस्त्यावर ठिबकत होतं आणि प्रमिला पिकअपखाली उताणी पडून स्टेपनीवर हातोडी मारत होती. पुढचं चाक पंक्चर झालं होतं. साखळी सैल केली, तरी गाडीच्या पोटाला गंजून चिकटलेली स्टेपनी काही खाली येईना.

तिचा नवरा हरेश्वर केबिनमध्ये बसून होता. अर्धांगवायूने त्याचा डावा हात गेला, तेव्हापासून गाडी प्रमिलाच चालवायची. तो शेजारी बसायचा, पण बोलायचा नाही. गाडी विकून टाका, असं सगळे म्हणत. आज तिलाही ते पटलं. हातोडी टाकून ती पडल्या पडल्याच रडू लागली.

दार उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने हरेश्वर कसाबसा सरपटत तिच्या शेजारी आला.

“अहो, तुम्ही कशाला उतरलात?”

“मारू नको,” तो अडखळत म्हणाला. “खालून जॅक लाव. टायर वर रेट. गंज सुटेल.”

तिने जॅक फिरवला. त्याने उजव्या हाताने टायर हलवला, पुन्हा हलवला. कर्रकन आवाज झाला. जॅक उतरवताच स्टेपनी खाली आली आणि गंजाचा भुगा दोघांच्या तोंडावर सांडला. हरेश्वर खदखदून हसला.

“चला, उठवते तुम्हाला. बाजार गाठायचाय.”

“थांब गं जरा,” तो गाडीचं पोट न्याहाळत म्हणाला. “किती दिवसांनी हिच्याखाली आलोय.”

प्रमिला पुन्हा त्याच्या शेजारी आडवी झाली.