पलीकडची खुर्ची

"बाबा, परत तुम्हीच प्रश्न विचारलात," लेक म्हणाली आणि तिनं कपाळाला हात लावला.

साहेब ओशाळले. मुलाखतीला निघायची वेळ झाली होती, तरी जेवणाच्या टेबलाशी सराव चालूच होता. लेकीनं मुलाखत घ्यायची आणि बाबांनी द्यायची, असं ठरलं होतं. पण तिनं "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं, की साहेब मान तिरकी करून मायेनं विचारायचे, तुम्हाला ताण तर नाही ना आला? करणार काय! उभा जन्म कारखान्यासाठी माणसं निवडण्यात गेलेला. कामगारांनी त्यांना चाळणीसाहेब नाव ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचंही. कारखाना बंद पडला, तशी चाळणीही अडगळीत गेली. त्याला आता वर्ष होत आलं. मधल्या काळात आलेलं हे पहिलंच बोलावणं, आणि कामही माणसं निवडण्याचंच. हे हुकलं तर या वयात पुन्हा कोण बोलावतंय, हे घरात सगळ्यांना कळत होतं. तेवढं सोडून सगळे सगळं बोलत होते.

सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. लेक म्हणाली, हसतमुख राहा. बायको म्हणाली, फार हसू नका, कवळी हलते. मेहुण्यानं मुद्दाम फोन करून बजावलं, की जुन्या गोष्टी अजिबात काढायच्या नाहीत. मग बोलायचं काय, असं विचारलं तर म्हणाला, अनुभव सांगा. साहेबांच्या डोक्याचा पार भुगा झाला. त्यात लेकीचा शेवटचा प्रश्न म्हणजे, आम्ही तुम्हालाच का घ्यावं? जन्मभर साहेबांनी हाच प्रश्न लोकांना विचारला होता. आज तो स्वतःवर आला, तर तोंडातून शब्द फुटेना. शेवटी लेकीनंच एक झकास उत्तर तयार केलं आणि घोकून घेतलं. जिना उतरेपर्यंत ते पाठ होतं. बसमध्ये कुठंतरी सांडलं.

कचेरीतल्या कारकुनानं एका खोलीकडे बोट दाखवलं आणि आत बसायला सांगितलं. खोलीत कुणीच नव्हतं. मधे टेबल, त्यावर पाण्याचा ग्लास, अलीकडे एक खुर्ची आणि पलीकडे एक. साहेब दारातच घुटमळले. आधी नमस्कार करायचा आणि बसा म्हटल्यावरच बसायचं, असं लेकीनं पढवलं होतं. पण इथं नमस्कार करायचा कुणाला, आणि बसा म्हणणार कोण? या घोळात पाय आपले आपणच चालू लागले. साहेब टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले, दाराकडे तोंड करून, जन्मभर बसले तसे. पाठीला काहीतरी मऊ लागलं, बरं वाटलं. आपलं काही चुकतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एवढ्यात दार उघडलं. छातीशी फाइल धरून एक तरुणी उंबऱ्यातच थबकली. लेकीच्याच वयाची असेल. तिनं साहेबांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडून परत मिटलं. आणखी एक उमेदवार दिसतेय, साहेबांनी ताडलं. बिचारी भांबावली आहे. अशी कितीतरी माणसं त्यांनी दारात उभी पाहिली होती. त्यांचा हात आपोआप पुढं झाला.

"या, बसा. आधी पाणी घ्या."

ती बसली. त्या आवाजाला नाही म्हणणं अवघडच होतं. साहेबांनी तिला कुठून येता, याआधी काय केलं, असं हळूहळू विचारलं. सुरुवातीला ती एकेका शब्दात उत्तरं देत होती. मग खुलली. म्हणाली, पूर्वी एका दुकानात होते, आणि भांडायला आलेलं गिऱ्हाईक नेमकं माझ्याच वाट्याला यायचं. अशा गिऱ्हाइकांना शांत कसं करायचात, हे साहेबांनी विचारलं आणि मन लावून ऐकलं. सकाळपासून डोक्यात चाललेला गलका केव्हा थांबला, ते त्यांना कळलंही नाही. मग सवयीनं तोंडून तोच प्रश्न गेला, की आम्ही तुम्हालाच का घ्यावं?

तिचा चेहरा उतरला. हे कुणी विचारलं की मला काही सुचतच नाही, ती म्हणाली.

साहेब हसले, कवळी हलेपर्यंत हसले. "मलाही नाही सुचत. इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाला विचारत आलो. हे उमेदवारानं सांगायचं नसतंच. मुलाखत घेणाऱ्यानं शोधून काढायचं असतं. पगार त्याचाच तर मिळतो त्याला."

तिनं हातातली फाइल टेबलावर ठेवली.

कारकुनानं दारातून डोकं आत घातलं. "मॅडम, झाली का यांची मुलाखत?"

यांची म्हणजे कुणाची? आणि मॅडम कोण? कारकून तर त्या मुलीकडे बघत होता. साहेबांना काही उमगेना. ते गोंधळून मागं सरकले, तेव्हा ते मऊ काहीतरी पुन्हा पाठीला लागलं. वळून पाहिलं तर खुर्चीला बायकांची पर्स अडकवलेली. मग मात्र त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. ते धडपडत उठले. माफ करा, माफ करा, एवढंच पुटपुटत दाराकडे निघाले. गेलं हे काम हातचं. आता लेकीला कोणतं तोंड दाखवायचं?

पण ती मुलगी समोरच्या खुर्चीतून हललीच नाही.

"तुम्हालाच का घ्यावं, हे मी आता तुम्हाला विचारणार नाही," ती म्हणाली. "तेवढी माझी पर्स द्या इकडे, आणि बसा तिथंच."