मुक्काम

ज्या जंगलातून आम्हा ओगिएक आदिवासींना सरकारने हुसकावलं, त्याचं आता उद्यान झालंय; तिथेच तिकीट काढून तंबू लावला. फिरताना आई एका देवदाराखाली थबकली. वर आजोबांनी, तिच्या वडिलांनी, मधमाश्यांसाठी टांगलेला पोकळ ओंडका अजून होता. खोडावर उद्यानाने पत्र्याचा नंबर ठोकलेला. आईने चपला काढल्या, कमरेला गुंडाळलेल्या लेसोचा काचा मारला आणि चढू लागली. "आई, आपल्यात बाया मधाला चढत नाहीत," माझा नवरा म्हणाला. "तुम्ही चढा, जावईबापू." पहारेकरी शिट्टी फुंकत आला. "मावशी, उतरा. सरकारी झाड आहे." "नंबर सरकारी आहे. तो काढून ने." आईने ओंडक्यावर थाप मारली. माश्या उठल्या, पहारेकरी मागे सरला. "पाहुण्यासारखं यायचं, पाहुण्यासारखं जायचं," तो लांबूनच ओरडला. आईने फांदीवर ऐसपैस बसून तिकीट खाली टाकलं. "वाच. मुक्काम कधीपर्यंत?" "उद्या सकाळपर्यंत." "मग पोरं तंबूत झोपतील. मी माहेरी झोपते."