एकतीस भाच्या

"काका, या डॉरिस लिंटची गाणी खरंच कुणी विकत घेतं का हो?"

प्रश्न एकट्या मार्नीचा नव्हता. तो विचारायची पैज तिच्या मैत्रिणींनी, पर्ल आणि सुकीने, लावली होती. त्या दोघी आता दुकानाबाहेर काचेला नाकं चिकटवून, चिप्स चघळत, मार्नी पळून येते का ते बघत होत्या. वर्षभरापूर्वी पळालीही असती. तेव्हा तिला वर्गात हजेरी देतानासुद्धा घाम फुटायचा. आता सतरा पूर्ण झाली होती आणि पाय कसे जमिनीवर घट्ट होते.

रेगकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. ब्रिडलिंग्टनच्या बंदरापाशी चाळीस वर्षं ते गाण्यांच्या तबकड्या विकत होते आणि गिऱ्हाइकाला उत्तर द्यायची त्यांना कधीच घाई नसे.

"का गं पोरी? घ्यायचीय, की नुसत्या चांभारचौकशा?"

"चौकशाच. पण महत्त्वाच्या आहेत."

महत्त्वाच्या होत्याच. लीड्सच्या संगीत महाविद्यालयात तिला जागा मिळाली होती. आणि इकडे मावशीच्या दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची नोकरीही वाट बघत होती, अगदी पक्की. आज रात्रीच्या जेवणापर्यंत घरी उत्तर द्यायचं होतं. आई सकाळीच बेकरीत कामाला गेली होती, बाबा त्याच्या शनिवारच्या शिकवण्यांना. मार्नीने मनाशी ठरवून टाकलं होतं. असली तऱ्हेवाईक गाणी ऐकणारं या गावात कुणी असेल, तर लीड्स. नसेल, तर दात.

काकांनी तबकडी बाहेर काढली. वेष्टनावर एक मुलगी उभी होती. चहाच्या किटलीवर घालायची लोकरीची टोपी तिने डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढली होती. चेहऱ्याचा पत्ताच नाही.

"पहिल्यांदा वाजवली ना, तेव्हा मला वाटलं माझं यंत्रच बिघडलं," काका म्हणाले. "तिसऱ्या गाण्यात किटली शिट्टी मारते. पाचव्यात पोरगी बिस्किटांचा डबा बडवते. सातव्यात तर मध्येच कुणीतरी खोकतं!"

"शिंकतं," मार्नी म्हणाली. "खोकला नाहीये तो."

"बरीच ऐकलेली दिसतेस."

"तोंडपाठ आहे."

"मग ऐक आता. सुरुवातीला एकच माणूस घ्यायचा. दर शनिवारी एक. म्हणायचा, भाचीचा वाढदिवस आहे. पहिल्या दहा भाच्यांपर्यंत मी विश्वास ठेवला. आज सकाळी येऊन गेला, ती एकतिसावी! एवढ्या भाच्यांना एकच गाणी? घरात मारामाऱ्या नसतील होत!"

काका आपल्याच विनोदावर खो खो हसले. मार्नीचा चेहरा मात्र उतरला. एक माणूस. अख्ख्या गावात एक, आणि त्याचंही डोकं ठिकाणावर नसावं. तिला दवाखान्यातला तो औषधाचा वास आत्ताच यायला लागला.

"त्याला आवडतात तरी का गाणी?"

"विचारलं ना मी. म्हणाला, 'वाईट नाही.'"

"एवढंच?"

"एवढंच काय? कुठे राहतेस तू? आपल्या यॉर्कशरचा माणूस 'वाईट नाही' म्हणाला, की समजायचं, घरी जाऊन रडलाय." काकांनी तबकडी सदऱ्याच्या बाहीने पुसली. "पण खरी मजा पुढेच आहे. मग पोरं यायला लागली. सगळी सतरा-अठराची. म्हणतात, मोटार शिकताना ऐकली. शिकवणारा दुसरं काही लावतच नाही म्हणे. गाडी मागे घ्यायची असेल, तर किटली शिट्टी मारते तिथे चाक वळवायचं! एका पोरीने परीक्षेत तेच गाणं मनात म्हटलं, पास झाली आणि तडक इथे आली. माझ्या म्हाताऱ्या बायकोला विचार, भांडी घासताना काय गुणगुणते ते. आता या दोनच तबकड्या उरल्यात बघ."

मार्नीने मांडणीतल्या त्या दोन तबकड्या सरळ करून ठेवल्या.

"थँक्यू, काका," ती म्हणाली.

"अगं, मी काय केलं?"

"दुकानात ठेवलीत ना. मांडणीत, पुढे."

बाहेर येताच पर्ल तिच्यावर झडपली. "हसले ना? सांग, हसले ना?"

"दोनच उरल्यात."

"फेकू नकोस हं!" सुकी ओरडली आणि तिच्या हातातला चिप्सचा पुडा सुटला. समुद्रपक्ष्यांनी क्षणात फडशा पाडला. एरवी मार्नी त्यांना शिव्या घालायची. आज तिने त्यांचेही आभार मानले, अगदी मोठ्याने, रस्त्यात उभं राहून. मग ती धावत सुटली. किनाऱ्याच्या भिंतीवरून धावताना तिला त्या पास झालेल्या अनोळखी पोरीला मिठी मारावीशी वाटत होती, भांडी घासणाऱ्या काकूंनासुद्धा.

घराशी ती थबकली. फाटकापाशी बाबाची छोटी निळी मोटार उभी होती, टपावर शिकाऊ गाडीची लाल पाटी. शेजारच्या आसनावर रेगकाकांच्या दुकानाची हिरवी पिशवी पडली होती.

मार्नी बराच वेळ काचेतून त्या पिशवीकडे बघत राहिली. डोळे पुसले. मगच आत गेली.

आई ताटांत वाफाळता रस्सा वाढत होती. "कसा झालाय?" तिने विचारलं.

"वाईट नाही," बाबा म्हणाला.

"वीस वर्षं हेच ऐकतेय," आई पुटपुटली. मग मार्नीकडे वळली. "बस गं. काय ठरलं तुझं?"

"लीड्स," मार्नी म्हणाली. "आणि बाबा, तुला अख्ख्या खानदानात एकही भाची नाही, हे रेगकाकांना मी सांगितलेलं नाही."

बाबाचा चमचा हवेतच राहिला. मार्नी हसली.

"पुढच्या अल्बमवर मी टोपीबिपी घालणार नाही, नावही माझंच लावणार, शिंक मात्र या वेळीही तुझीच हवी."