नमुन्याची कुपी

"उंदरांच्या पेशी चमकल्या, तर माझी इंजेक्शनं बंद, काढा सुरू. कबूल?"

मंदाकिनीबाईंनी हे विचारलं तेव्हा श्रीनिवासराव भात कालवत होते. त्यांचा हात थांबला.

"एकदम विश्वास बसला माझ्या काढ्यावर?"

"विश्वास कुठे म्हटलं? डोळ्यांनी बघीन म्हटलं."

बिबवेवाडीच्या त्या घरात वर्षभर हाच वाद होता. बाईंना पोटाचा कॅन्सर होता. दर तिसऱ्या आठवड्याला इंजेक्शन, मग उलट्या, मग तोंडाची चव गेलेली. घेत राहिल्या तर दोनेक वर्षं मिळतील, असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंना तशी दोन वर्षं नको होती. त्यांनी नीट सांगून बघितलं, रडून बघितलं. श्रीनिवासराव सगळं ऐकून घेत आणि पुढची तारीख घेऊन येत. बायको जाणार हे त्यांच्याने सहन होत नव्हतं. शिवाय पुण्यातला शास्त्रज्ञ, आपलं चुकतंय असं सहसा धरून चालत नाही.

काढा त्यांचाच होता. हळद आणि आणखी चार मुळ्यांचा अर्क. त्याने शरीरातल्या सैनिक पेशी जाग्या होतात, असं ते कित्येक वर्षं सांगत होते. बाई त्याला 'पिवळं पाणी' म्हणत. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. "हळदीचं कौतुक मी शाळेत पुरेसं केलंय," म्हणत. वर्गाचे पडदे ओढून जांभळ्या दिव्याखाली हळदीचं पाणी हिरवट चमकवलं की पोरं टाळ्या पिटायची, तेवढंच काय ते कौतुक.

आता मात्र त्या स्वतःहून विचारत होत्या. श्रीनिवासरावांना भरून आलं. ते म्हणाले, "कबूल."

एका परदेशी कंपनीने नमुना म्हणून फुकट पाठवलेली कुपी नुकतीच आली होती. जेमतेम दोन नळ्यांपुरती. तिच्यात प्रतिपिंड होतं आणि त्याला चमकणारा रंग जोडलेला. उंदराची सैनिक पेशी जागी झाली, की ते तिला जाऊन चिकटतं आणि यंत्राच्या निळ्या प्रकाशात ती पेशी हिरवी दिसते. झोपलेली पेशी काळीच राहते. कुपी फ्रीजमध्ये ठेवायची, पण गोठू द्यायची नाही, आणि उजेड तर अजिबात लागू द्यायचा नाही.

प्रयोग खंडेनवमीला झाला. त्या दिवशी प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. बाई आल्या त्या फोटोच्या रोलच्या दोन काळ्या डब्यांत हळद आणि कुंकू घेऊन. त्यांनी यंत्राला झेंडूचा हार घातला. मग पद्मजाला म्हणाल्या, "ती कुपी आण गं. खरं शस्त्र तीच."

पद्मजा श्रीनिवासरावांकडे पीएच.डी. करत होती. काकूंच्या हातचं जेवून जेवून ती घरचीच झाली होती. तिने कुपी आणून धरली.

"सील फोडलेलं नाही, तोवर लाव काय लावायचं ते," श्रीनिवासराव हसत म्हणाले. बाईंनी झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं.

दोन नळ्यांत उंदरांच्या पेशी तयार होत्या. एकीत काढा घातलेला, दुसरीत नाही. "दोन्हींत कुपीतलं घाल," असं पद्मजाला सांगून ते वरच्या मजल्यावर पेढे वाटायला गेले. परत आले तेव्हा खोलीत अंधार होता.

"घातलंस?"

"सगळं झालंय, सर," पद्मजा नळ्यांकडे बघत म्हणाली.

काढा नसलेली नळी आधी लावली. पडद्यावर सगळं काळं. मग काढ्याची लावली, आणि हिरव्या ठिपक्यांचा ढीग उभा राहिला. श्रीनिवासरावांनी बायकोचा खांदा घट्ट धरला. ते चक्क रडत होते.

"बाई गं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "खरंच की."

"पुन्हा एकदा करून बघायला हवं."

"कुपी संपली, सर. टाकूनही दिली," पद्मजा घाईने म्हणाली.

"अहो, डोळ्यांनी बघितलंत ना?" बाई म्हणाल्या. "आता त्या उंदरांना सोडा आणि मलाही."

इंजेक्शनं बंद झाली. दिवाळीपर्यंत बाईंच्या तोंडाला चव आली. बहिणीकडे खडकीला राहून आल्या, गच्चीत उन्हात बसल्या, शेजारणींची यथेच्छ उणीदुणी काढली. काढा रोज नाक न मुरडता घेतला. "आणा तुमचं अमृत," म्हणायच्या. होळीच्या आधी त्या गेल्या. शेवटी शेवटी फार सोसलं, पण घरी होत्या.

श्रीनिवासरावांना एकच गोष्ट खात होती. काढा उशिरा सुरू केला. वर्षभर आधी केला असता तर ती वाचली असती, असं ते येईल त्याला सांगत. प्रयोगावरचा शोधनिबंध लिहून तयार होता. पद्मजा भेटायला आली तेव्हा खूप रडली. म्हणाली, "सर, तो निबंध इतक्यात पाठवू नका ना." पोरीला काकूंचं दुःख आवरत नाहीये, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिच्याच हाती पाकीट देऊन ते पोस्टात टाकायला लावलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. बाई सवाष्ण गेलेल्या, म्हणून फोटोला हळद-कुंकू लावायचं होतं. देवघरात हळदीची काळी डबी सापडली, कुंकवाची सापडेना. शोधता शोधता ती फ्रीजमध्ये मिळाली, लोणच्याच्या बरणीमागे. कुंकू फ्रीजमध्ये ठेवणारी शास्त्राची शिक्षिका! इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

डबी उघडली. आत कापूस होता आणि कापसात नीट गुंडाळलेली, काठोकाठ भरलेली एक कुपी. कुंकू होतं, पण बोटाएवढंच, न फोडलेल्या सीलवर वाळलेलं.