बारावा रेझिस्टर

"चाळीस वर्षांचा सेट आहे, शकीलाबाई. आतलं सगळंच गेलं असणार," मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी भाटकर म्हणाले. वायरलेसवर भर समुद्रातून त्यांच्या मुलाची हाक येत होती, "बंदर, बोला!" पण इकडचा आवाज तिकडे पोहोचत नव्हता. वादळाचा इशारा नुकताच आला होता आणि तीन होड्या अजून बाहेर होत्या.

रेडिओ कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तीस वर्षं काढलेल्या शकीलाबाईंनी चष्मा पुसला. "जुनं म्हणजे बिघडलेलंच असं नसतं. मोजल्याशिवाय मी काहीच फेकत नाही."

सेट बंद करून त्यांनी वीजप्रवाहाला अटकाव करणाऱ्या एकेका रेझिस्टरचं एक टोक सोडवलं आणि मीटर लावला. दहा टक्क्यांची सूट धरून पहिले अकरा खरे उतरले. भाटकर दोनदा दाराशी जाऊन आभाळ बघून आले. बारावा सत्तेचाळीस हजार ओहमचा हवा होता. मीटर एकाहत्तर हजार दाखवत होता.

"हा बघा, हाच चोर!" आपल्या डब्यातला दुसरा, तितकाच जुना रेझिस्टर शकीलाबाईंनी आधी मोजला, मगच कथलाचा डाग देऊन बसवला.

भाटकरांनी सेट चालू करून माईक धरला. "परत फिरा रे! वादळ येतंय!"

क्षणभर नुसती खरखर. मग आवाज आला, "वळलो, बाबा! तिन्ही होड्या वळल्या!"

भाटकरांनी माईक खाली ठेवला. शकीलाबाईंनी मात्र मीटर पिशवीत टाकला नाही. "होड्या धक्क्याला लागल्या की सेट बंद करा. अजून नऊ रेझिस्टर उरलेत, ते मोजूनच मी घरी जाईन."