आपल्या विभाताई

"परत आला?" चेकिंगच्या टेबलावरचा कुर्ता उलटा करत, वर न बघताच विभाताईंनी विचारलं.

निशिगंधाने मान हलवली. परेश सरांचाच मेसेज. तिचे फोटो मागत होते. थोड्या वेळाने ते मेसेज पुसून टाकायचे, म्हणून ती आल्या आल्या स्क्रीनशॉट काढून ठेवायची.

महाराष्ट्रापासून इतक्या लांब, विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या त्या कपड्यांच्या कारखान्यात मराठी बोलणाऱ्या दोघीच. निशिगंधाचे बाबा रेल्वेत, विभाताईंचे मिस्टर फौजेत. पहिल्याच दिवशी ताईंनी डबा पुढे सरकवला होता. "खा गं, साताऱ्याचा ठेचा आहे. रडलीस तरी चालेल!" तेव्हापासून निशिगंधा सगळं त्यांनाच सांगायची. आणि मराठीत, म्हणजे बाकी कोणाला पत्ताच नाही.

"तक्रार कर. लेखी," ताई म्हणाल्या.

"मतलब... ते मालकांचे भाचे आहेत ना, ताई. नोकरी गेली तर?"

"माझं बघ. तीन पोरांना काम शिकवलं, तिघंही माझ्याच डोक्यावर मॅनेजर होऊन बसले. इथे बाईला वर चढवत नाहीत. गप्प बसून काय मिळालं मला?"

निशिगंधाने त्याच दुपारी तक्रार दिली.

दुसऱ्या दिवसापासून शिलाईवाल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. गेटवरचा गार्ड तिची पर्स दोनदा तपासू लागला. परेश सर मात्र स्वतः तिच्या टेबलापाशी आले. तिच्या डोक्यावरचा पंखा लावून दिला, आणि हसले. ती मान खाली घालून कुर्ते मोजत राहिली.

"ताई, आई रोज माझ्याच फोनवरून मावशीशी बोलते. तिने बघितलं तर घरीच बसवेल मला. सगळे स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवते, माझ्याकडचे काढून टाकते."

"राहू दे गं तुझ्याकडे."

"प्लीज ना, ताई!"

"बरं. पाठव." निशिगंधाने तिथेच सगळे पाठवले, आणि आपल्या फोनमधून सगळं पुसून टाकलं.

सुनावणीच्या सकाळी गेटवर घेवरची मिठाई वाटत होते. कारखान्याला पहिली महिला मॅनेजर मिळाली होती. विभाताई! निशिगंधाला तर नाचावंसं वाटलं. आता ताईंचा शब्द कोण टाळणार?

तक्रार समितीच्या अमिता माथुर मॅडम बाहेरच्या संस्थेतून आल्या होत्या. त्यांनी पुरावा मागितला. समोर परेश सर बसलेले. आज पहिल्यांदाच निशिगंधाने त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"विभाताईंकडे आहे," ती ठणकावून म्हणाली.

ताईंना बोलावलं. त्या आत येताच परेश सरांनी उठून त्यांना खुर्ची दिली. ताई बसल्या, पदर सारखा केला, आणि निशिगंधाकडे बघून हसल्या, अगदी रोजच्यासारख्या. मग मॅडमकडे वळून स्वच्छ हिंदीत म्हणाल्या,

"लड़की तो बहुत अच्छी है, मैडमजी. पर मुझे इसने कभी कुछ भेजा ही नहीं."