कोरा फोटो

"पोरीच्या अंगात कोणत्या रंगाचा झगा आहे?" जत्रेतल्या पोलिसाने विचारलं. भिवाजीला काही केल्या आठवेना. लेकीला, मंदाला, रोज कपडे घालायची ती तिची आई.

मघाशी फोटोवाल्याने पोलरॉइडवर, म्हणजे लगेच बाहेर येणाऱ्या कागदावर चित्र हळूहळू उमटवणाऱ्या कॅमेऱ्यावर, मंदाचा फोटो काढला होता. कॅमेऱ्यातून निघणारा कागद बघण्यात भिवाजी गुंगला आणि पोर गर्दीत नाहीशी झाली. भिवाजीच्या हातातला तो कागद अजून कोराच होता.

"उमट रे बाबा, लवकर उमट!" भिवाजी रडकुंडीला आला. हळूहळू झगा दिसू लागला, मग दोन वेण्या.

"पिवळा! पिवळा झगा!" तो ओरडला. पोलिसाने लाउडस्पीकरवर पुकारा केला. थोड्याच वेळात एक बांगडीवाली मंदाला कडेवर घेऊन आली. "माझ्या टोपल्यांमागं झोपली होती हो."

भिवाजीने लेकीला घट्ट धरलं. तिच्या हनुवटीवर तीळ होता. तो त्याने आज पहिल्यांदा पाहिला.